मनगटावरून फाडायचं खोकं

३ फेब्रुवारी

बारके,

फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. स्वतःचं बोलून झालं की तू ठेवून देतेस. म्हणून पत्र. शिवाय शाई करणाऱ्या माणसानं सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहायच्या नाहीत, तर लोकांनी आपल्या बाटल्या कशाला विकत घ्याव्यात?

काम असं आहे. भेटवस्तूंचा तो जाड चष्म्याचा दुकानदार परवा स्वतः कारखान्यात आला होता. टाकानं आणि कुंचल्यानं लिहिणाऱ्या हौशी लोकांसाठी त्याला चार रंगांची शाई हवी आहे. पण साध्या बाटल्या नकोत. प्रत्येक बाटलीला वेगळं, नटवलेलं खोकं हवं आणि त्यावर ग्रीकांच्या जुन्या पुराणातली एकेक गोष्ट. ग्रीकांचा आणि माझ्या शाईचा काय संबंध, असं मी विचारलं. तो म्हणाला, "संबंध तुमची बहीण लावेल. खोकी करते ना ती?" म्हणजे तो आला होता तुझा पत्ता मागायला. चहा मात्र माझा प्यायला.

रंग असे: डाळिंबी, मोरपंखी, राखाडी आणि काळा. पहिल्या तिन्हींबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कुणीही करेल. काळ्याबद्दल मात्र नीट वाच. या काळ्याच्या मागे मी कित्येक वर्षं आहे. काजळी, डिंक आणि थोडं लवंगेचं तेल, वस्तू त्याच ज्या आप्पा वापरायचे. पण आप्पांचा काळा सुकल्यावर उजेडात धरला की कडेला तपकिरी झाक दिसते. माझ्या काळ्याला ती नाही. तो नुसता काळा आहे. हे मी वरच्या खोलीत जाऊन आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "असेल."

मला त्यांच्याकडून एक शब्द हवा आहे, बारके. 'चांगली झाली' एवढाच. पन्नाशीला आलेल्या माणसानं हे लिहावं म्हणजे तुला हसू येईल. हस. पण आता त्यांच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळत नाही, आणि जन्मात एकदाच साधलेला काळा मी दाखवायचा कुणाला?

बाटलीची मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत. खोकं बेताचं कर. लोकांनी शाई घ्यायची आहे.

दादा


१६ फेब्रुवारी

दादा,

'खोकं बेताचं कर' एवढी ओळ तुझ्या पत्रातून कापून मी छापखान्यात कटिंग मशीनच्या वर चिकटवली आहे. येणारा-जाणारा हसतो. आमचे मालकसुद्धा हसले, आणि ते सहसा महिनाअखेरीसच हसतात.

गोष्टी निवडल्या. डाळिंबीवर पाताळाच्या राजानं पळवून नेलेली मुलगी. तिनं तिथे डाळिंबाचे दाणे खाल्ले, म्हणून दर वर्षी काही महिने तिला पाताळात परत जावंच लागतं. मोरपंखीवर एक मत्सरी देवी. नवऱ्याच्या मैत्रिणीवर पाळत ठेवायला तिनं शंभर डोळ्यांचा राखणदार नेमला. तो मारला गेला तेव्हा त्याचे डोळे उचलून तिनं मोराच्या पिसाऱ्यात लावून टाकले. राखाडीवर एक विणकरीण. तिनं देवीपेक्षा चांगलं विणलं, म्हणून देवीनं तिचा कोळी केला. या पुराणात कुणाचं चांगलं झालेलं कुणालाच बघवत नाही. काम करताना अगदी घरच्यासारखं वाटलं.

आता तुझा काळा. त्याच्यावर ती बाई आहे जिला देवांनी एक बंद भांडं दिलं आणि उघडू नकोस म्हणून बजावलं. तिनं उघडलं. जगातली सगळी दुखणी, भांडणं, म्हातारपण बाहेर पडलं आणि घाईघाईनं झाकण लावेपर्यंत तळाशी एकटी आशा उरली. मी ती उघडायच्या आधीची काढली आहे. खोकं हेच भांडं. बाई एका बाजूवर उभी आहे, तिचा हात वर जाऊन झाकणावर टेकला आहे, आणि चित्र सलग आहे, कुठे जोड नाही. म्हणजे उघडायचं तर तिच्या मनगटावरून फाडावं लागणार. मालक म्हणाले, "अहो, गिऱ्हाईक फाडेल कसं?" मी म्हटलं, तीच तर गोष्ट आहे.

उठाव भरपूर दिला आहे, आप्पांना चाचपता यावं म्हणून. पुठ्ठा पहिल्यांदा केसांवर फाटला, मग ठसा बदलून घेतला. आता एकेक बट बोटाला लागते.

तुझ्या काळ्याबद्दल नीट वाचलं. काजळी किती वेळ घोटायची हे तू लिहिलं नाहीस, तेही नीट वाचलं. घाबरू नकोस, चोरणार नाही. शाई जिथे होते त्या भट्टीच्या खोलीत मला लहानपणीही कुणी येऊ दिलं नाही. "तू कागद काप, तुझा हात स्वच्छ आहे," असं आप्पा म्हणायचे. म्हणून मी आजही कागदच कापते.

बारकी


१९ मार्च

बारके,

खोकी पोचली. तुझ्या वहिनीनं गठ्ठा सोडला, एक सपाट खोकं घेऊन घड्या घातल्या, उभं केलं आणि स्वतः खुर्चीत बसली. "हे असं काही आपल्या घरातून बाहेर जाणार?" म्हणाली. इतकी वर्षं आपल्या घरातून शाई बाहेर जाते आहे, पण ते सोड.

आठवडाभर आम्ही दोघं बाटल्या भरत होतो, खोकी चिकटवत होतो. पहिल्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. खोकं सुंदर आहे. एकदा लिहिलं, आता परत विचारू नकोस. त्या बाईच्या बोटांकडे बघितलं की वाटतं ही आत्ता उघडेल, आणि ती काही उघडत नाही. तळाशी आशा राहिली म्हणतेस. तुझ्या खोक्यात माझी शाई राहिली आहे.

आप्पांना काळ्याचं एक खोकं दिलं. त्यांनी बाईचे केस चाचपले, दंड, मनगट, बोटं, आणि परत केस. मी समोर उभा. मग म्हणाले, "पोरीनं कमाल केली." मी म्हटलं, "आप्पा, आत माझा काळा आहे." ते म्हणाले, "हो का," आणि खोकं उशाशी ठेवून दिलं.

आता जेवण झालं की त्यांचा हात उशाशी जातो. घरी येईल त्याला दाखवतात. परवा औषधं पोचवायला आलेल्या माणसाला दाखवलं. त्यानं विचारलं, "आत काय असतं?" आप्पा म्हणाले, "शाई." नुसतं 'शाई'. कुणाची, कसली, काही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जिन्यावरून खाली आलो आणि कारण नसताना पिंपं घासत बसलो. म्हाताऱ्या बापानं बहिणीचं कौतुक केलं म्हणून कुणी असं करतं का? मी करतो. मला त्याची लाज वाटते, पण लाज वाटली म्हणून जळायचं थांबत नाही.

तू केलेलं त्यांच्या हाताला लागतं. माझं सगळं काम डोळ्यांसाठी.

सोबत तुझ्यासाठी काळ्याचं एक खोकं पाठवतो आहे. उघड, लिहून बघ आणि खरं काय ते कळव. तुझं मागचं पत्र बॉलपेनानं लिहिलेलं होतं. माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नकोस.

दादा


२ एप्रिल

दादा,

बॉलपेनाचं एवढं काय? माझ्या टाकाचं टोक वाकलं आहे आणि नवं आणायला दुकान उघडं असेपर्यंत मी कधी सुटत नाही.

शाई लिहून पाहिली. फार सुंदर. दाट आहे, कागदावर मखमलीसारखी बसते, सुकल्यावर अगदी गडद. मनगट फाडताना जीव खाली-वर झाला, पण भावासाठी फाडलं. झालं समाधान?

आता मला आप्पांचं वाक्य पुन्हा एकदा लिहून पाठव. 'पोरीनं कमाल केली' असंच म्हणाले ना? आवाज कसा होता? केस चाचपताना म्हणाले की बोटं चाचपताना? तुझ्या पत्राचा तेवढा भाग मी इतक्यांदा वाचला की घडीवर कागद विरला.

तुझ्या पोटात दुखतंय हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दुखू दे थोडं. माझं लहानपणापासून दुखतं आहे. तू भट्टीच्या खोलीतून कोपरापर्यंत काळा होऊन जेवायला यायचास आणि आप्पा स्वतः तुझे हात चोळून धुवायचे. घासताना तुला काहीतरी सांगायचे, शाईचंच असणार, आणि तुम्ही दोघं हसायचात. मी शेजारी माझे स्वच्छ हात घेऊन बसलेली असायची. ते काय बोलायचे, हे मी तुला कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस.

बारकी


२५ एप्रिल

बारके,

दुकानदार येऊन गेला. सगळी खोकी खपली. लोकांनी त्याला लिहून पाठवलेल्या चिठ्ठ्यांचा जुडगा त्यानं माझ्यासमोर ठेवला आणि मी तो अधाशासारखा वाचला. बाई किती जिवंत, केस किती रेखीव, दिवाणखान्यात ठेवलं, कपाटात काचेमागे ठेवलं, सासूबाईंना दिलं आणि मग परत मागून घेतलं. शाईबद्दल एक अक्षर नाही. निदान वाईट आहे म्हणावं कुणीतरी! मी विचारलं, "या शाईनं कुणी लिहिलं की नाही?" तो म्हणाला, "अहो, एवढं चित्र फाडेल कोण?"

मग चष्मा पुसत पुसत त्यानं सुचवलं की पुढच्या खेपेला काळ्याच्या खोक्यात साधं रंगीत पाणी भरलं तरी चालेल. हाताला वजन लागलं म्हणजे झालं. "तुमचा तो घोटायचा त्रास तरी वाचेल," म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला गं. मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

आता तुझ्याकडे येतो. 'दाट आहे, मखमलीसारखी बसते, सुकल्यावर अगदी गडद.' टाकाचं टोक वाकलेलं असताना हे तू कशानं लिहून पाहिलंस, ते विचारत नाही. कारण तुला पाठवलेल्या बाटलीत शाई नव्हतीच. पिंप धुतल्यावर उरतं ते पाणी होतं. करडं, गढूळ, कपड्यावर सांडलं तर साबणानं निघून जाईल असं. मी मुद्दाम भरलं. तुझं बॉलपेनचं पत्र बघून माझ्या डोक्यात किडा शिरला होता की ही उघडणार नाही आणि उघडलं म्हणून सांगेल. तसंच झालं.

बाकीच्यांनी फाडलं नाही ते समजू शकतो. तुला माहीत होतं आत काय आहे. मला वाटतं तू ते खोकं बनवलंसच तसं. माझ्या शाईपर्यंत कुणी पोचू नये म्हणून. नाही म्हण बरं. एकदा नाही म्हणून दाखव.

दादा


३० एप्रिल

दादा,

हे पत्र कशानं लिहिलं आहे ते आधी बघ. मग पुढे वाच.

तुझं पत्र वाचल्यावर ते खोकं मी भिंतीवर आपटणार होते. आपटलं नाही, कारण माझंच आहे. मग म्हटलं, पाणी तर पाणी, भावानं बहिणीला काय पाठवलं ते बघू तरी. छापखान्यातल्या टेबलावर ठेवलं आणि मनगटावरून फाडलं. त्याचा जो आवाज झाला तो मला नको झाला. टाकाला नवं टोक लावलं, बुडवलं आणि एक रेघ ओढली.

दादा, हे पिंप धुतलेलं पाणी नाही.

रेघ सुकेपर्यंत मी हललेच नाही. सुकली आणि आणखी काळी झाली. खिडकीशी नेली, दिव्याखाली धरली, तिरकी करून पाहिली. कडेला तपकिरी शोधत होते, मिळावी म्हणून शोधत होते. मिळाली नाही. मग खोक्याचा फाटलेला तुकडा शेजारी ठेवला. ज्या काळ्यानं मी बाईचे केस छापले, तो तुझ्या काळ्याशेजारी मळका दिसतो. इतके दिवस मला ज्या केसांचं कौतुक होतं ते धुवायला झालेत असं वाटलं. बाटली मोरीत ओतून द्यावी असा विचार मनात आला, हे तुला सांगून ठेवते. दिली नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो. मनगटाची कल्पना सुचली तेव्हा गोष्टीसाठीच सुचली. पण नंतर मालक म्हणाले की बाजूला पुठ्ठ्याची एक जीभ ठेवू, चित्र न फाटता उघडेल. मी नको म्हटलं. का नको, ते मला तेव्हाही कळत होतं. मनात म्हणत होते, दादाची शाई हवी असेल तर माझी बाई फाडून घ्या, बघू कोण घेतं! कुणीच घेतली नाही आणि मी खूश होते. तो दुकानदार मलाही भेटला होता. रंगीत पाण्याचं माझ्याकडेही बोलला. मी हसले. तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं, आणि मी हसले.

पण ते राहू दे. तू पाणी भरलंस म्हणतोस ते खरं आहे ना? मग ती बाटली कुठे गेली?

बारकी


६ मे

बारके,

तुझं पत्र उघडलं आणि पहिली ओळ बघूनच ते खिडकीशी उजेडात नेलं. माझ्या काळ्यानं लिहिलेलं पहिलं पत्र, आणि मला आनंद करायला उसंतही मिळाली नाही.

मागे दोनच खोकी ठेवली होती, एक तुझं आणि एक आप्पांचं. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी. पाण्याच्या खोक्याच्या तळाला पेन्सिलीनं फुली मारणार होतो, पण हात धजला नाही, एवढं देखणं खोकं. डावीकडचं तुझं, एवढं लक्षात ठेवलं आणि जेवायला गेलो. तुझ्या वहिनीनं टेबल पुसायला दोन्ही उचलली आणि परत ठेवली. हे तिनं मला काल सांगितलं, तिला कधी विचारलंच नव्हतं. वजन सारखं, दिसायला सारखी. फाडल्याशिवाय ओळखायला मार्ग नाही.

वर गेलो. आप्पा पडून होते, खोकं उशाशी. म्हटलं, "आप्पा, खोकं जरा द्या. बाटली बदलायची आहे." ते म्हणाले, "कशाला? आहे ती ठीक आहे." मी म्हटलं, "चुकून दुसरीच भरली गेली." तेव्हा उठून बसले. खोकं उलटं केलं आणि बोटानं तळाची घडी अलगद उघडली. तळ त्यांनी ओल्या फडक्यानं भिजवून केव्हाच सोडवला होता. तुझी बाई फाटू नये म्हणून खालून उघडलं. मी दिलं त्याच आठवड्यात. बाटली काढून हुंगली, थेंब चिमटीत चोळला, आणि होती तशी परत ठेवून दिली.

"पिंपाचं धुवण मला चिमटीत कळणार नाही होय?" म्हणाले. "म्हटलं, तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला दिसत नाही, त्याच्यावर चांगली शाई कशाला वाया घालवा. बरोबरच आहे तुझं." रागावून बोलले असते तर मी पाय धरले असते. ते हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले.

म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसतं 'शाई' म्हणून सांगत होते ते माझी अब्रू झाकत होते. आणि मी जिन्याखाली बसून त्यावरच जळत होतो.

धावत खाली येऊन खरी बाटली भरून नेली. "ठेव तिकडे," म्हणाले. हात लावला नाही. ते धुवण तुझ्यासाठी होतं, तुला पकडायला भरलं होतं, हे बापाच्या तोंडावर कसं सांगू? तसाच खाली उतरलो. तेव्हापासून मी वर गेलेलो नाही.

तू ये. तुझी ती बाटली घेऊन ये. माझ्या हातून ते घेणार नाहीत, तुझ्या हातून घेतील. कुणी केली विचारलं तर हवं तर तुझं नाव सांग. हे लिहिताना मला काय होतंय ते तुला समजावून सांगायला नको, तुझं त्यात आयुष्य गेलं आहे. पण एकदा ती त्यांच्या चिमटीत जाऊ दे.

दादा


१४ मे, वरची खोली

दादा,

मी वर, तू खाली, मधे एक जिना, आणि मला पत्र लिहावं लागतंय. सकाळपासून तीनदा हाक मारली. "हात पिंपात आहेत" म्हणून ओरडलास. पिंपात नव्हते, वहिनीनं वाकून पाहिलं. तेव्हा हे तुझ्या ताटाबरोबर खाली पाठवते आहे. आधी जेव, मग वाच. नाही, आधी वाच.

आप्पांच्या हातात बाटली दिली. त्यांनी हुंगली, थेंब घेतला, चिमटीत चोळला. चोळत राहिले. मग विचारलं, "कुणी केली?"

तू परवानगी दिली होतीस. आणि मला ते हवं होतं, दादा. 'मी' म्हणायला तोंड उघडलंसुद्धा होतं. पण त्यांनी पुढे विचारलं असतं की काजळी किती घोटलीस, आणि मला उत्तर आलं नसतं. म्हणून म्हटलं, "दादानं." माझा मोठेपणा वगैरे समजू नकोस.

"मग मला धुवण का दिलं?"

तेव्हा सगळं सांगितलं. मनगट, माझी ती मखमल, तुझा सापळा, वहिनीचं टेबल पुसणं. मला वाटलं आता त्यांना रडू येईल. ते हसायला लागले. ठसका लागला, पाणी दिलं, पाणी पिऊन परत हसले. "म्हणजे ते तुझ्यासाठी होतं! माझ्यासाठी नव्हतंच!" असं इतक्यांदा म्हणाले की वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आली. मग उशीला टेकले आणि म्हणाले, "बरं झालं. मला वाटलं, या घरात माझं काम संपलं."

नंतर मोठा पांढरा कागद मागितला. रुंद कुंचल्यानं तुझ्या शाईचा एक आडवा पट्टा ओढायला लावला आणि कागद खिडकीच्या काचेवर धरायला सांगितला. जवळ आले, डोळे बारीक केले, हात पुढे केला आणि पट्ट्याच्या बरोबर कडेवर बोट ठेवलं. मी न बोलता कागद खाली सरकवला. बोट परत कडेवर. "दिसतंय," म्हणाले. "अगं, दिसतंय मला हे."

मग स्वतःच्या जुन्या शाईचा पट्टा ओढायला लावला. कपाटात त्यांनी अजून एक बाटली जपून ठेवली आहे, माहीत होतं तुला? मी ओढला. तो त्यांना सापडला नाही. कागदभर हात फिरवत राहिले. मी बोट धरून कडेवर नेलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. तो चेहरा मी ओळखते. छापखान्यात तुझी रेघ सुकताना माझा तसाच झाला असणार. आपण दोघं हे जळणं कुणाकडून घेऊन आलो, असा मला कायम प्रश्न पडायचा. आता पडणार नाही.

बाकीचं पटकन लिहिते. दुकानदाराला कळवलं आहे की पुढच्या खेपेपासून खोक्याला बाजूला जीभ असेल, बाईचा हात न फाटता उघडेल, आणि आत तुझाच काळा असेल. नाहीतर खोकी नाहीत. त्याबद्दल आभार मानू नकोस. उद्या सकाळी मी भट्टीच्या खोलीत येणार आहे आणि काजळी किती घोटायची ते तू मला शिकवणार आहेस. नाही म्हणायची सोय नाही.

आता जे तुला हवं आहे ते. कागद खाली ठेवल्यावर आप्पांनी मला जवळ बसवलं. मग माझा हात धरून म्हणाले, "माझ्या हातून अशी कधी झाली नाही. त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल."

मी कबूल केलं. आणि खरं सांगू, शब्द पाळायचा फार मोह झाला. हे वाक्य माझ्याजवळच ठेवलं असतं तर तुझ्यापेक्षा एक गोष्ट जन्मभर माझ्याकडे जास्त राहिली असती. सकाळपासून ते माझ्याजवळ आहे आणि मला काही केल्या गिळवत नाही.

हात धुवून वर ये. आणि हे बघ, तुला काही माहीत नाही असा चेहरा कर.

बारकी